छत्रीगवताला पाणी हवे, डासांना नको

माझ्या दवाखान्यात रुग्णांच्या बाकाशेजारी गेली बारा वर्षे एक हिरवेगार रोप उभे आहे. कमरेएवढ्या उंच, सरळ, बिनगाठीच्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली लांबट पाने. नर्सरीवाले त्याला ‘अंब्रेला पाम’ म्हणतात. आमच्या घरी त्याचे नाव छत्रीगवत. इंजेक्शनची वाट पाहणारी लहान मुले त्या छत्र्या गोल फिरवत बसतात आणि तेवढा वेळ तरी रडणे विसरतात. झाड पाण्यात राहणारे, म्हणून ते भोक नसलेल्या टबात लावले होते. आठवड्यातून दोनदा कंपाउंडर त्यात तांब्याभर पाणी ओतायचा, एवढीच त्याची देखभाल. मागेल त्याला मी एखादी छत्री तोडून द्यायचो आणि ती पाण्यात कशी रुजवायची तेही सांगायचो. गावातल्या निदान पंधरा-वीस घरांत आज माझ्या दवाखान्यातले छत्रीगवत असेल.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरातली नववीतली मुलगी तापाने फणफणली. डोळ्यांच्या खोबणीत ठणका, अंगदुखी, तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ. तपासणीत डेंग्यू निघाला. मुलगी आठवड्याभरात बरी झाली. मात्र तिच्या तापाच्या पहिल्या दिवसापासून मोजता अठराव्या दिवशी तिची आजी आजारी पडली. आजींचा ताप पाचव्या दिवशी उतरला म्हणून घरचे निश्चिंत झाले, आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. मला घरी बोलावले. नाडी पाहिली आणि गाडी करून त्यांना लगोलग जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे त्या चार दिवस सलाइनवर होत्या. सुखरूप परतल्या, पण थोडक्यात वाचल्या असेच म्हणावे लागेल.

गाडी येईपर्यंत मी त्यांच्या बैठकीत उभा होतो. खिडकीखाली निळ्या टबात छत्रीगवत डौलाने उभे होते. सहज वाकून पाहिले तर पाण्यात डासाच्या अळ्या वळवळत होत्या. माझी नजर पाहून सूनबाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, हे तुम्ही दिलेलंच. छान वाढलंय ना?’’

त्या रात्री दवाखाना बंद झाल्यावर मी बॅटरी घेऊन स्वतःच्या टबात पाहिले. तिथेही तेच.

वाचकहो, आजींना चावलेला डास त्याच टबातला होता असे मी शपथेवर सांगू शकत नाही. शेजारच्या गच्चीवरच्या पिंपातलाही असेल. परंतु ज्या बाकावर दिवसभर तापाचे रुग्ण बसतात, त्या बाकाशेजारी डासांचा पाळणा हलवणे यासारखा दुसरा निष्काळजीपणा नाही आणि तो माझ्याच हातून झाला. म्हणून आजचा लेख या रोपावर. झाड फेकून द्या असे मात्र मी सांगणार नाही, कारण दोष झाडाचा नव्हता.

हे पाम नव्हे, गवतही नव्हे

नावात पाम असला तरी या झाडाचा नारळ-सुपारीशी काही संबंध नाही. आपण गवत म्हणतो, पण खऱ्या गवताच्या कांड्याला पेरे असतात, याला नाहीत. हे लव्हाळ्याच्या आणि नागरमोथ्याच्या कुळातले. शेतातल्या लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवून पाहा, ती तिधारी लागते. छत्रीगवताची धार बोथट असते, नीट चाचपली तरच कळते. इजिप्तमध्ये पूर्वी ज्याच्यापासून कागद करीत तो पपायरस हा याचाच मोठा भाऊ. छत्रीगवत मूळचे आफ्रिकेचा पूर्व भाग आणि मादागास्कर बेटाकडचे. गंमत अशी, की डेंग्यू पसरवणारा ‘एडिस इजिप्ती’ हा डासही मूळचा आफ्रिकेचाच. दोघांची गाठ आपल्या बैठकीत पडावी हा योगायोगच म्हणायचा.

टोकाला जी पाने दिसतात ती फुलोऱ्याखालची पाने होत. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांच्या मधोमध हिरवट तपकिरी फुलांचे तुरे येतात. खरी पाने बुडाशी आवरणासारखी चिकटलेली असतात. दांडीच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात व त्यांतून हवा मुळांपर्यंत पोहोचते, म्हणून एरवी कुजून जातील अशा चिखलात हे झाड मजेत राहते. मात्र त्याला ओल हवी असते, उघडे तळे नव्हे. हा फरक मला बारा वर्षे उमगला नव्हता.

एक शंका अनेक जण विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. नागरमोथ्याच्या कुळातले असले तरी याच्या मुळाशी नागरमोथ्यासारख्या सुवासिक गाठी नसतात. दिवाळीच्या उटण्यात किंवा काढ्यात हे घालू नये. तसेच एका कुंडीने खोलीची हवा शुद्ध होते, हे नर्सरीत सांगितले जाते ते ऐकून सोडून द्यावे. झाड डोळ्यांना बरे वाटते, तेवढे पुरे आहे.

डासाचा हिशेब

एडिस डास काळा, अंगापायांवर पांढरे पट्टे असलेला. तो गटारात वाढत नाही, त्याला घरातले साठलेले स्वच्छ पाणी लागते. चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधीच्या दोन-तीन तासांत. म्हणजे रात्रीच्या मच्छरदाणीने याचे फारसे बिघडत नाही. फार लांब उडत नाही, बहुधा जन्मल्या घराच्या आसपासच त्याचे आयुष्य जाते.

मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या कडेला ओलसर भिंतीवर चिकटवते. ही अंडी काळी, खसखशीपेक्षाही बारीक. पाणी आटले तरी ती कित्येक महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी त्यांच्यापर्यंत चढले की फुटतात. आता आमच्या टबाकडे पाहा. तीन दिवस पाणी खाली जाणार, कड ओली राहणार, मादी तिथे अंडी घालणार, आणि चौथ्या दिवशी कंपाउंडर तांब्याभर पाणी ओतून ती बुडवणार. डासांची पैदास करायची म्हणून कोणी मुद्दाम यंत्र बसवले असते, तर ते यापेक्षा चांगले झाले नसते. आपल्याकडच्या उबेत अंडे फुटल्यापासून आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. त्यातच रोपाच्या दाट दांड्यांमुळे पाण्यावर सावली राहते, आणि पाणी उपसून टब घासणे जिवावर येते, कारण मध्ये झाड असते.

डास जन्मतः रोगी नसतो असे धरून चालावे. तापाच्या रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या पोटात जातो. तिथून तोंडापर्यंत यायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर तो ज्याला चावेल त्याला चार ते सात दिवसांत ताप येऊ शकतो. मुलीचा ताप आणि आजींचा ताप यांत अठरा दिवस का गेले, ते यावरून ध्यानात येईल. रुग्णाच्या तापाचे पहिले चार-पाच दिवस या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. त्या दिवसांत रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे असे मी सांगतो, तेव्हा लोक हसतात. ती मच्छरदाणी रुग्णासाठी नसते, घरातल्या बाकीच्यांसाठी असते.

हाच डास चिकुनगुन्याही पसरवतो. 2006 सालची ती साथ ज्यांनी सोसली, त्यांना सांध्यांचे ते दुखणे आजही आठवत असेल. 2021 साली पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तोही याच डासाच्या कृपेने.

कुंडी अशी भरा

टबातल्या अळ्या पाहिल्यावर मी पहिला विचार केला तो गप्पी माशांचा. मोठा हौद असेल तर ते उत्तम. पण बारा-चौदा इंचांच्या टबात, दांड्यांच्या गर्दीत आणि एप्रिलच्या उन्हात ते टिकत नाहीत. दर आठवड्याला टब रिकामा करून घासणे हा दुसरा उपाय, तो मी तीन आठवडे केला. चौथ्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी होती.

मग सुचले ते सांडपाण्याच्या वाफ्यांवरून. काही ठिकाणी सांडपाणी शुद्ध करण्यासाठी खडीच्या वाफ्यात कर्दळ आणि हेच छत्रीगवत लावतात. त्यात पाणी खडीच्या पोटात राहते, पृष्ठभागावर दिसत नाही. तेच कुंडीत करायचे.

भोक नसलेला टब किंवा जुनी बादली घ्यावी, खोली निदान बारा इंच. काठाखाली तीन इंचांवर बाजूला बोटभर जाडीचे एक भोक पाडावे. हा आपला सांडवा, यावर सारी मदार आहे. तळाशी दोन इंच विटांचे तुकडे. त्यावर सांडव्याच्या थोडे खालपर्यंत माती. माती चिकणसर असावी, तिच्यात चौथा हिस्सा वाळू आणि ओंजळभर चांगले कुजलेले शेणखत, त्याहून अधिक नको. पाण्याखाली शेणखत जास्त झाले की घाण वास सुटतो. त्यात रोप लावून वर काठापर्यंत जाड खडी भरावी. आता कितीही पाणी ओतले किंवा पाऊस पडला, तरी जास्तीचे पाणी सांडव्यातून निघून जाते आणि खडीचे वरचे तीन इंच मोकळे राहतात. मादीला पाणी दिसत नाही, अंडी घालायला ओली कड मिळत नाही. सांडव्याच्या भोकाला आतून नायलॉनच्या जाळीचा तुकडा लावावा. त्याखाली ताटली ठेवू नये, ठेवली तर रोज पुसून कोरडी करावी. नाहीतर घरातले डास ताटलीत राहायला जातील.

आत पाणी किती आहे ते कळावे म्हणून मी पहिल्या कुंडीत एक प्लॅस्टिकची नळी उभी खोचली होती. महिन्याभराने त्या नळीत अळ्या सापडल्या! अंगठ्याएवढ्या तोंडातूनही मादी आत उतरते. आता नळीचे तोंड कापडाने घट्ट बांधलेले असते. खरे तर नळीची गरजही नाही. खडीत तर्जनी खुपसावी, टोकाला ओल लागली तर पाणी पुरेसे आहे.

जागा उजेडाची हवी. सकाळचे ऊन मिळाले तर रोप दाट होते, अंधाऱ्या खोलीत दांड्या लांबून वाकतात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी. पानांची टोके तपकिरी झाली तर बहुतेकदा पाणी कमी पडले किंवा हवा फार कोरडी झाली असे समजावे. बोअरचे खारे पाणी हेही एक कारण असते, खडीवर पांढरा थर दिसू लागला की पावसाचे किंवा नळाचे पाणी द्यावे. पिवळी पडलेली दांडी मधून कापू नये, बुडाशी कापावी. ती पुन्हा वाढत नाही, शेजारून नवी येते. दर दोन महिन्यांनी खडी बाजूला सारून मूठभर गांडूळखत दिले की पुरते. वर्षा-दोन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरते, तेव्हा उपसून गड्डा कोयत्याने दोन-तीन भागांत तोडावा. टब ताठ ब्रशने आतून घासावा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवावा. पाण्याने नुसता विसळून भागत नाही, अंडी चिकटलेली राहतात.

नवे रोप करायची रीत फार गमतीची आहे. छत्री दोन-तीन इंच दांडीसह कापायची, पाने कात्रीने निम्मी करायची आणि ती उलटी, म्हणजे छत्री खाली व दांडी वर, पाण्यावर तरंगत ठेवायची. दोन ते चार आठवड्यांत पानांच्या बेचक्यातून मुळे आणि कोंब फुटतात. मुलांना हे जरूर दाखवावे. पण हेच दोन-चार आठवडे काचेच्या बरणीत पाणी उघडे असते. माझ्याकडून छत्री घेऊन गेलेल्या घरांत हेच झाले असणार. आता मी सांगतो, की पाण्याऐवजी ओल्या वाळूवर छत्री दाबून ठेवा, तशीही ती रुजते. पाण्यातच रुजवायची असेल तर बरणीच्या तोंडाला पातळ फडके बांधा आणि दर तीन दिवसांनी पाणी बदलताना बरणी आतून घासा. जुने पाणी गटारात न ओतता तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओता, त्यातल्या अळ्या तिथे मरतात.

ज्यांचे घर गावात आहे आणि न्हाणीघराचे पाणी अंगणात डबके करून साचते, त्यांना या झाडाचा वेगळाच उपयोग आहे. त्या डबक्यात एडिस नव्हे, तर क्युलेक्स जातीचा डास होतो. हत्तीपाय पसरवतो तो हा. तिथे निदान दोन फूट खोल खड्डा घेऊन खाली दगड आणि वर खडी भरावी, कडेने छत्रीगवत आणि कर्दळ लावावी. पाणी नळीने खडीच्या आत सोडावे, वर दिसता कामा नये. साबणाचा चोथा अडकून खडी तुंबते, म्हणून वर्षातून एकदा ती काढून धुवावी. संडासाचे पाणी यात सोडू नये, आणि पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून हा खड्डा पन्नास फुटांपेक्षा लांब असावा.

ताप आलाच तर

इतके करूनही ताप येऊ शकतो, कारण डास शेजाऱ्याकडचाही असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत अचानक जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग मोडून येणे असे झाले, तर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, तेही वय-वजनाप्रमाणे आणि दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवून. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन चालू असणाऱ्यांनी मात्र ती स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी, जलसंजीवनी, ताक, भाताची पेज सतत देत राहावे. लघवी चार-सहा तासांनी होते की नाही याकडे लक्ष ठेवावे. रक्ताची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम.

आजींच्या घरच्यांची जी चूक झाली ती फार घरांत होते. ताप उतरला की आजार गेला असे वाटते. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत असतो, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागते. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून किंवा शौचातून रक्त, गुंगी वा बेचैनी, गार पडलेले हातपाय यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र असो की सण, रुग्णालय गाठावे. प्लेटलेटचा आकडा विचारत बसण्यापेक्षा ही लक्षणे पाहावीत. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून वेळ घालवू नये. आणि एकदा डेंग्यू झाला म्हणजे पुन्हा होत नाही असेही नाही. त्याचे चार प्रकार आहेत. दुसऱ्या खेपेला वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. आजींना काही वर्षांपूर्वी असाच ‘हाडमोड्या ताप’ आला होता, हे मला नंतर कळले.

दवाखान्यातले छत्रीगवत आता खडीच्या कुंडीत आहे. पूर्वीपेक्षा थोडे बुटके राहिले, दाट मात्र जास्त झाले. ज्यांना ज्यांना छत्र्या दिल्या, त्यांची आठवेल तशी यादी करून मी रविवारी एकेका घरी जाऊन आलो. अकरा घरे सापडली, त्यांपैकी चार ठिकाणी अळ्या निघाल्या. आजींच्या घरी त्यांचा टब मी स्वतः भरून दिला. त्या खाटेवरून पाहत होत्या. म्हणाल्या, ‘‘एवढी खटपट कशाला? टाकून द्या ते.’’ पण नातीने टाकू दिले नाही.

आमच्या भागातल्या आशाताई दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळायला सांगत घरोघरी फिरतात. मागच्या शुक्रवारी मी त्यांना मोठ्या अभिमानाने कुंडी दाखवली. त्यांनी खडीत बोट खुपसले, सांडव्याची जाळी पाहिली आणि मान डोलावली. मग विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, लसींच्या फ्रीजमागचं पाण्याचं भांडं शेवटी कधी काढलं होतं?’’

ते मला आठवेना. आशाताई तोवर वाकून ते भांडे बाहेर ओढत होत्या.